छपराची परीक्षा

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील गृहस्थांपुढे गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी पॅनेले आपल्या घराच्या छपरावर बसवावीत की नाही, हा तो प्रश्न होय. विक्रेता येतो, गच्चीवर एक फेरी मारतो, फीत लावून मोजमाप घेतो आणि 'जागा उत्तम आहे' असा निर्वाळा देऊन जातो. हा निर्वाळा बहुधा क्षेत्रफळापुरता असतो. छप्पर ओळखावयाचे तर ते कोणत्या काळी, कोणत्या हेतूने आणि कोणाच्या पैशाने बांधले गेले, हे पाहावे लागते. म्हणून आजच्या भाषणात आमच्या भागातील छपरांचा थोडा इतिहास सांगून, त्याच्या आधारे या प्रश्नाचा निर्णय कसा करावा, हे श्रोत्यांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

आमच्या भागातील छपराचा शत्रू पूर्वापार एकच, तो म्हणजे पाऊस. येथे वर्षाला सुमारे शंभर इंच, म्हणजे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंतच्या चार महिन्यांत कोसळतो. अशा प्रदेशातील घराचे छप्पर उतरते असणार, हे उघडच आहे. गरिबाचे घर पेंढ्याने वा गवताने शाकारलेले असे. थोड्या सुस्थितीतील गृहस्थाच्या घरावर कुंभाराने घडविलेली नळीची कौले असत. दोन्ही प्रकारांत छप्पर ही एकदा बांधून विसरण्याची वस्तू नव्हती. पेंढा दरवर्षी बदलावा लागे आणि मृग लागण्यापूर्वी कौले चाळून घ्यावी लागत. वैशाखात घराघरांच्या आढ्यावर माणसे चढलेली दिसत. फुटके कौल काढले जाई, कुजलेली रीप बदलली जाई आणि कोणता वासा वाळवीने पोखरला आहे याचा तपास त्याच वेळी लागे. आपल्या छपराची खरी प्रकृती वर्षातून एकदा तरी घरधन्यास कळत असे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कारण पुढे छपरे जसजशी पक्की होत गेली, तसतसा हा वार्षिक तपास मागे पडत गेला.

पहिले मोठे परिवर्तन आगगाडीच्या काळात झाले. १८५३ च्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली उतारूंची गाडी आली आणि पुढील वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणपर्यंत पोहोचली. त्यानंतर दहाबारा वर्षांनी, १८६५ साली, बासेल मिशनच्या मंडळींनी मंगळूर येथे यंत्राने कौले दाबून काढण्याचा कारखाना घातला. एकाच साच्यातून निघालेली, परस्परांत खाचेने बसणारी ही चपटी तांबडी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. ठाण्याच्या चरईत वा खारकर आळीत, कल्याणच्या पारनाक्याजवळ अद्याप जी थोडी जुनी घरे तग धरून आहेत, त्यांच्यावर हीच मंगळुरी कौले दिसतात. एका कौलाचे वजन अडीच किलोच्या आसपास आणि एका चौरस मीटरला चौदापंधरा कौले, म्हणजे चौरस मीटरमागे पस्तीसचाळीस किलोंचा भार जुने सागवानी वासे निमूटपणे वाहत आले आहेत.

छपराची ही सुधारणा चालू असतानाच, आपल्या शेजारी मुंबईत सूर्याला कामास जुंपण्याचा एक प्रयोग झाला, याची आठवण आज फार थोड्यांस असेल. मुंबईच्या हायकोर्टात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम ॲडम्स या इंग्रज गृहस्थाने आपल्या कुलाब्याच्या बंगल्यापाशी लहान लहान सपाट आरसे अर्धगोलाकार मांडले, त्या सर्वांचे ऊन एका बाष्पपात्रावर पाडले आणि त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे एंजिन चालवून दाखविले. उष्ण देशांत सूर्याची उष्णता हीच इंधनाच्या जागी वापरावी, असे प्रतिपादणारा त्याचा इंग्रजी ग्रंथ १८७८ साली मुंबईतच प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये मूशो नावाचा शास्त्रज्ञ याच खटपटीत होता. त्याचे वक्र आरसे महाग आणि जपण्यास कठीण, म्हणून ॲडम्सने स्वस्त सपाट आरसे पत्करले. या प्रयोगातून आपल्या कामाची एक गोष्ट निघते. ऊन फुकट असले, तरी ते धरण्यास पुष्कळ मोकळी जागा लागते, भक्कम बैठक लागते आणि राबता माणूस लागतो. ॲडम्सच्या आरशांना सूर्याबरोबर फिरवावे लागे. आजची पॅनेले फिरवावी लागत नाहीत, परंतु जागा व बैठक यांची गरज अद्याप टळलेली नाही.

प्रकाशापासून प्रत्यक्ष वीज निघते, हे फ्रान्सच्या एदमाँ बेकरेल याने १८३९ सालीच पाहिले होते. तथापि व्यवहारात उपयोगी पडेल असा सिलिकनचा विद्युत्घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ साली तयार झाला. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्क्यांची वीज होत असे. आज बाजारात मिळणारी चांगली पॅनेले वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. मधल्या काळात आपल्याकडे वीज आली ती दुरून. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत्गृहातून मुंबईस वीज मिळू लागली. १९२५ नंतर विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि त्यांच्यासाठी जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे कोळशाचे वीजगृह उभारले. डोंबिवलीकरांच्या कित्येक पिढ्यांनी त्याची धुराडी पाहिली. घाटावरचे पाणी किंवा खाणीतील कोळसा विजेचे उगमस्थान झाला. घराच्या छपराचा विजेशी काही संबंध असेल, ही कल्पना कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

याच गाड्यांनी मात्र आमचे छप्पर पुन्हा एकदा पालटले. नोकरी मुंबईस आणि बिऱ्हाड ठाण्यास वा डोंबिवलीस, अशी राहणी रूढ झाली. स्वातंत्र्यानंतर चाळींच्या व कौलारू घरांच्या जागी सिमेंट-काँक्रीटच्या तीनचार मजली इमारती भराभर उठल्या. छप्पर प्रथमच सपाट झाले आणि त्यास गच्ची हे नाव प्राप्त झाले. या गच्चीवर पापड-कुरडया वाळल्या, मुलांनी पतंग उडविले, पाण्याच्या टाक्या बसल्या. परंतु शंभर इंच पावसाच्या मुलुखात सपाट छपराने पावसाशी केलेला तह फार दिवस टिकणारा नव्हता. कोबा तडकला, कडेचे वाटे सुटले, पाणी स्लॅबमध्ये मुरले आणि आतील लोखंडी सळया गंजून फुगू लागल्या. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचे छत गळू लागले, तेव्हा संस्थांनी गच्चीवर लोखंडी खांब रोवून पन्हळी पत्र्यांचे दुसरे छप्पर उभे केले. डोंबिवलीच्या पुलावरून नजर टाकली, तर निळ्या व तांबड्या पत्र्यांची जी रांग दिसते, ती या तहाच्या पराभवाची निशाणी होय.

सूर्यशक्तीचे पाऊल आमच्या छपरावर पडले ते या शतकाच्या पहिल्या दशकात. दोन्ही महापालिकांनी नव्या इमारतींवर उन्हाने पाणी तापविणारी यंत्रे बसविण्याचा आग्रह धरला आणि केंद्र सरकारने ज्या शहरांना सौर नगर म्हणून निवडले, त्यांत ठाणे व कल्याण-डोंबिवली या दोघांचाही समावेश झाला. पुढे २०१५ साली राज्य वीज नियामक आयोगाने छपरावरील विजेसंबंधी नियम केले. दिवसा तयार झालेली जास्तीची वीज तारांत सोडावी आणि तिची वजावट बिलात मिळावी, अशी ती व्यवस्था आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री सूर्यघर योजना निघाली. तीत घरासाठी पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला तीस हजार रुपये, तीन वा अधिक किलोवॅटला एकूण अठ्ठ्याहत्तर हजार रुपये, आणि गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला अठरा हजार रुपये, असे साहाय्य ठरविण्यात आले. असे असता, छपराची परीक्षा मात्र कोणत्याही सरकारी योजनेने होत नाही. ती घरधन्यानेच करावयाची असते.

या परीक्षेचा पहिला प्रश्न असा, की छप्पर कोणाचे? कौलारू घराच्या काळी हा प्रश्नच नव्हता. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्यानंतर माणूस चार भिंतींचा धनी झाला, आणि डोक्यावरील गच्ची ही सर्वांची सामाईक मालमत्ता ठरली. वरच्या मजल्यावर राहतो म्हणून गच्ची आपली, असे कोणास म्हणता येत नाही. पॅनेले बसवावयाची तर संस्थेच्या सर्वसाधारण सभेचा ठराव पाहिजे, आणि त्याहूनही आधी जमीन व इमारत संस्थेच्या नावे झाली आहे काय, हे पाहिले पाहिजे. अभिहस्तांतरण न झालेल्या संस्था आमच्या भागात थोड्या नाहीत. इमारत कायदेशीर आहे काय, हाही प्रश्न येथे केवळ औपचारिक नव्हे. बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण कल्याण-डोंबिवलीत उघडकीस आले आणि २०२४ साली उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्यांच्या घराचेच भवितव्य टांगणीला लागले, त्यांना छपरावरील विजेचा विचार सुचणार कोठून?

दुसरा प्रश्न छपराच्या आयुष्याचा. पॅनेलांची आयुर्मर्यादा सामान्यतः पंचवीस वर्षे धरतात आणि त्यांत गुंतविलेला पैसा काही वर्षांनी वसूल होतो. इमारत पस्तीस-चाळीस वर्षांची असेल, सळया उघड्या पडल्या असतील आणि पुनर्विकासाची बोलणी चालू असतील, तर पंचवीस वर्षांची वस्तू पाचसात वर्षांच्या छपरावर बसविल्यासारखे होईल. सांगाडा उतरवून पुन्हा चढविणे शक्य असते, परंतु त्याचा खर्च निराळा आणि मधल्या काळात तो ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न आणखी निराळा. अशा संस्थेने 'तूर्त नको' असा निर्णय घेतला, तर तो मागासलेपणा नव्हे, शहाणपणा होय. नव्या इमारतीच्या करारातच गच्चीवरील सौर यंत्रणेचे कलम घालून घेणे तिच्या हिताचे आहे.

तिसरा प्रश्न बळाचा. पॅनेले आणि त्यांचा लोखंडी सांगाडा मिळून चौरस मीटरला पंधरावीस किलो भरतात. हजार लिटर पाण्याची टाकी एकटीच एक टन भरते, हे लक्षात घेता सुदृढ स्लॅबला हे ओझे जड नाही. प्रश्न स्लॅब सुदृढ आहे काय, हा आहे. २०१५ च्या जुलैअखेर ठाकुर्लीत आणि त्यानंतर आठवड्याच्या आतच ठाण्याच्या नौपाड्यात जुन्या इमारती कोसळून माणसे मेली. तेथे पॅनेलांचा काही संबंध नव्हता. जे वर्षानुवर्षे आत मुरत गेले, त्याने घात केला. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढील इमारतीचे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावयाचे असते. पूर्वीचा कौले चाळण्याचा तपास जो बंद पडला, त्याचेच हे आधुनिक रूप आहे. तो अहवाल हाती आल्यावाचून गच्चीत एकही खिळा ठोकू देऊ नये.

ओझ्यापेक्षा अधिक भय दोन गोष्टींचे आहे. एक वाऱ्याचे. गच्ची मोकळी राहावी म्हणून सांगाडा पुरुषभर उंच उभारण्याची हल्ली पद्धत आहे. अशा सांगाड्याखाली वारा शिरला, की तो त्यास वर उचलू पाहतो. २०२० च्या जूनमधील निसर्ग आणि २०२१ च्या मेमधील तौक्ते, या दोन वादळांनी आपला किनारा वादळांपासून मुक्त नाही, हे पुन्हा दाखवून दिले. दुसरे भय गळतीचे. सांगाडा स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसविला, तर प्रत्येक छिद्र पावसाला वाट देते. काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यांवर बसविला, तर छिद्रे वाचतात, पण ओझे वाढते. म्हणून जलरोधनाचे काम आधी आणि सांगाडा मागाहून, हा क्रम मोडू नये. गच्चीवर जुने पत्र्याचे छप्पर असेल, तर त्याचे खांब व कैच्या केवळ पत्र्यापुरत्या बेतलेल्या असतात. त्यांवर पॅनेले चढविण्यापूर्वी अभियंत्याकडून हिशेब करवून घ्यावा. कौलारू घरात पॅनेलांचा भार कौलांवर नव्हे, वाशांवर गेला पाहिजे, आणि सिमेंटचे ठिसूळ पत्रे असतील तर ते आधी बदललेले बरे.

चौथा आणि शेवटचा प्रश्न उन्हाचा. पुष्कळ लोक प्रारंभ येथून करतात. मी तो मुद्दाम शेवटी ठेवला आहे. आमचा प्रदेश विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे एकोणीस अंशांवर आहे. म्हणून पॅनेले दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ तितक्याच अंशांनी कलती ठेवली, तर वर्षभरात सर्वांत अधिक वीज मिळते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरता रोज सुमारे चार युनिटे वीज होते. पावसाळ्यात ती पुष्कळ घटते. कौलारू घराचे एक पाखे दक्षिणेस असेल तर ते आयतेच योग्य ठरते. पाखी पूर्व-पश्चिम असतील तर वीज थोडी कमी होईल, पण काम अडणार नाही. केवळ उत्तरेचे पाखे मोकळे असेल तर विचार सोडून द्यावा.

सावलीचा हिशेब अधिक बारकाईने केला पाहिजे. पॅनेलातील घट माळेसारखे एकापुढे एक जोडलेले असतात. नळी एका ठिकाणी चेपली म्हणजे सर्वच प्रवाह मंदावतो, तद्वत् एका कोपऱ्यातील सावलीने भोवतालच्या भागाचीही वीज घटते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य आपल्या अगदी माथ्यावर येतो. त्या दिवसांत पाहणी केली, तर टाकीची वा जिन्याच्या खोलीची सावली दिसणारच नाही. खरी परीक्षा डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास होते. तेव्हा भर दुपारी वस्तूची सावली जवळजवळ तिच्या उंचीइतकी उत्तरेस पडते आणि सकाळी नऊच्या व दुपारी तीनच्या सुमारास ती पावणेदोन पटींहून लांब होते. त्या एका दिवशी तीन वेळा गच्चीवर जाऊन सावल्यांच्या कडा खडूने आखाव्यात. जी जागा तिन्ही वेळा मोकळी राहील, तीच आपली खरी जागा. ठाण्यात येऊरच्या डोंगराखालच्या घरांना संध्याकाळचे ऊन लवकर सोडून जाते, हेही हिशेबात धरावे.

सावलीची आणखी एक बाजू आहे, ती भविष्याची. ठाण्यात घोडबंदर रस्त्याने आणि आता कल्याण-डोंबिवलीतही उंच मनोरे उठत आहेत. आज मोकळी असलेली चार मजल्यांची गच्ची उद्या दक्षिणेच्या मनोऱ्याच्या सावलीत जाऊ शकते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जुन्या घराच्या उजेडाचा काही विचार केला आहे. परंतु गच्चीवरील उन्हाची वीज होईल, ही गोष्ट त्या कायद्याच्या कर्त्यांपुढे नव्हती. म्हणून शेजारच्या भूखंडावर काय उठणार, याची चौकशी महापालिकेत आधीच करावी. उलटपक्षी मनोऱ्यांतील रहिवाशांनीही अपेक्षा बेताची ठेवावी. समजा, तीस मजल्यांच्या इमारतीत १२० बिऱ्हाडे आहेत आणि पाच हजार चौरस फुटांच्या गच्चीपैकी अर्धी मोकळी आहे. तीवर पंचवीस किलोवॅट बसतील आणि रोज शंभर युनिटे मिळतील. म्हणजे बिऱ्हाडामागे एक युनिटही नाही. तेवढ्यावर पाण्याचे पंप, जिन्यातील दिवे आणि लिफ्टच्या खर्चाचा काही वाटा भागेल, आणि तेही थोडे नव्हे. पण घरोघरचे बिल शून्य होईल, असे आश्वासन कोणी देत असेल तर त्याजपासून सावध राहावे. बैठ्या घराचा हिशेब याच्या अगदी उलट आहे. तीनशे चौरस फुटांचे निर्वेध छप्पर तीन किलोवॅट वाहते आणि महिन्याला साडेतीनशे युनिटांच्या आसपास वीज देऊन एका कुटुंबाची गरज बहुतांशी भागवू शकते.

श्रोतेहो, छप्पर कोणाचे, ते किती वर्षे टिकणार, ते ओझे व वारा सोसेल काय, आणि मग त्यावर ऊन किती, या क्रमाने चार प्रश्न विचारले असता निर्णय बहुधा आपोआप होतो. पहिल्या तीनांपैकी एकाचेही उत्तर नकारी आले, तर कितीही लखलखीत ऊन असले तरी थांबावे, आधी छप्पर नीट करावे. पावसासाठी बांधलेल्या छपरास आता उन्हाचीही चाकरी सांगितली जात आहे. ती सांगण्यापूर्वी पूर्वीच्या घरधन्याप्रमाणे मृगाच्या आधी एकदा वर चढून छपराची प्रकृती आपल्या डोळ्यांनी पाहावी, आणि तो परिपाठ पॅनेले बसल्यावरही पंचवीस वर्षे चालू ठेवावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.